इंग्रजांची लग्नं आणि आमच्या विड्या

विड्या वळणाऱ्या बाईचे हात बांधलेले असतात, तोंड मात्र मोकळं. दिवसभर त्या मोकळ्या तोंडातून जे पडतं ते जातं कुठं? कुठंच जात नाही. सुपाच्या फटीत तंबाखूची भुकटी बसते ना, तसं बसून राहतं. आज सूप झटका, उद्या पुन्हा तेवढीच निघते. आमच्या छपरीतले किस्से तसेच साचले. आता झटकायला बसले आहे, कोणाला शिंक आली तर माझा इलाज नाही!

आमचं घर आंबागडाच्या पायथ्याशी. गोंदिया जिल्हा आमच्या भंडारा जिल्ह्यातून वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली होती, तेव्हाच्या या गोष्टी. घरापुढच्या छपरीत आम्ही चौघी विड्या वळायला बसायचो. सोनाआजी, वयानं सगळ्यांत मोठी आणि दातांनी सगळ्यांत गरीब. फुलाबाई, जिची जीभ पानं कापायच्या कैचीपेक्षा धारेची. मंदा, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली, जिला रडायला कारण लागायचं नाही. आणि मी सुमन, चौथी पास, कोणाचं ऐकून न घेणारी.

पाचवी माझी पोरगी करुणा. ती विड्या वळत नव्हती. तिच्या मांडीवर मी कधी सूप येऊच दिलं नाही. ती भंडाऱ्याच्या कॉलेजात इंग्रजीचं एम.ए. करत होती. दुसरं वर्ष, उन्हाळ्यात परीक्षा. ती परीक्षा तिनं द्यावी आणि कुठंतरी मास्तरीण व्हावं, एवढा एकच हट्ट मी जन्मात धरला होता.

करुणाला मोठ्यानं सांगितल्याशिवाय काही लक्षात राहत नाही. म्हणून ती दाराच्या चौकटीला टेकून पुस्तकातल्या गोष्टी आम्हाला मराठीत सांगायची. जुन्या इंग्रजी कादंबऱ्या, आपल्या पणजीच्याही आधीच्या. पण विषय काय? कोणाचं लग्न कोणाशी जमतं आणि कोण कोणाच्या तोलाचा!

मी म्हटलं, "एवढं शिकाले भंडाऱ्याले कायले जातेस? हे तं इथंच शिकवलं असतं!"

* * *

पहिल्या दिवशी करुणानं सुरू केलं. एक मोठा सरदार होता, त्याचं मन एका गरीब पोरीवर बसलं.

फुलाबाईनं कैची खाली ठेवली. "थांब वं. थो पर्मनंट हाय का?"

"कोण, मावशी?"

"थोच, सरदार."

"तो नोकरी नाही करत."

"मंग टेम्पररी?"

"काहीच नाही करत. त्याची जमीन आहे. घोड्यावर फिरतो, जेवतो, पत्रं लिहितो."

"अन् असल्या रिकामटेकड्याले पोरी द्याले लाइन लागली हाय?"

करुणानं समजावून सांगितलं की तिकडे त्या काळी काम करणं हाच कमीपणा होता. जो काहीच करत नाही तो सगळ्यांत वरचा. फुलाबाईनं कैची पुन्हा उचलली. मग म्हणाली, "असं हाय तं आमचे जेठ तिकडचे राजे झाले असते!"

त्या दिवसापासून पुस्तकात नवा माणूस आला की आधी त्याची नोकरी ठरायची. चर्चचा पाद्री पर्मनंट, वर राहायला क्वार्टर. बोटीवर लढायला जाणारा टेम्पररी. आणि श्रीमंताच्या घरी राहून त्यांची पोरं शिकवणारी गरीब बाई रोजंदारीवर. करुणा वहीच्या कडेला बारीक अक्षरात 'प', 'टे', 'रो' लिहून ठेवायची. म्हणायची, यानं पटकन आठवतं.

परीक्षा जवळ आल्यावर तिनं ती सगळी वही चाळली आणि मला म्हणाली, "माय, एक गंमत पाहिली का? खरं प्रेम दरवेळी 'रो'च्याच वाट्याला येतं."

तिचे बाबा जंगलखात्यात रोजंदारीवर होते. ते तिथंच कुऱ्हाडीला दांडा बसवत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण दांडा ठोकायचं थांबवलं.

* * *

एका पुस्तकात बाप मेला आणि घर, शेत, बाग सगळं कुठल्यातरी लांबच्या पुतण्याला गेलं. घरात माय आणि तीन पोरी. त्यांना काहीच नाही!

"काहून?" मी विचारलं.

"कायदाच तसा होता. पोरगा नसला तर जवळचा पुरुष."

फुलाबाई म्हणाली, "आपलं सरकार बरं मंग. जिल्ह्याची वाटणी केली. एका भावाले भंडारा देल्ला, दुसऱ्याले गोंदिया."

"अन् पोरीले?" मंदानं विचारलं.

"पोरीले एसटीचं तिकीट! माझं माहेर परजिल्ह्यात गेलं ना!"

आम्ही हसलो. सोनाआजी हसली नाही. ती लहानपणीच विधवा झाली होती, दिरांनी तिला घराबाहेर काढायला पाहिलं होतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण ती कशी टिकली ते तिनं कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पानं भिजवत होतो तेवढ्यात आजी आली. बसायच्या आधी करुणाला विचारलं, "निघाल्या का वं त्या पोरी घरातून?"

"नाही आजी. अजून तिथंपर्यंत वाचलं नाही."

"मंग त्याईले सांग, चुलीजवळची जागा सोडू नोका म्हणा. खोल्या घेऊ द्या, बाग घेऊ द्या. चुलीजवळून उठाचं नाई. मी नऊ वर्षं तिथंच निजली."

करुणा म्हणाली, "सांगते, आजी." आणि पुस्तक असं छातीशी धरून बसली जसं त्या पोरींना ऐकू जाणार होतं.

* * *

इंग्रजांच्या गोष्टीत नाच असतोच. मोठ्या घरी सगळे जमतात, पोरी नटून भिंतीला लागून बसतात. कोणी येऊन 'चला' म्हटलं तर नाचायचं, नाही तर बसून राहायचं. एक पोरगी अशी बसूनच राहिली तर मंदाच्या डोळ्यांतून धारा!

"रडतेस काहून?" फुलाबाई म्हणाली. "बसून राह्यली तं पाय तरी दुखले नाई."

मी म्हटलं, यांचा नाच आणि आमचं हात पाहणं एकच. आमच्याकडे विडीवाल्या घरांत पोरगी पाहायला आले की पोह्यांच्या आधी तिच्यापुढं सूप ठेवायचे. "वळून दाखव." हात चालतो की नाही पाहायचे, मग सोयरीक.

माझ्याहीपुढं ठेवलं होतं. सासू समोर, सासरा बाजूला, आणि एका कोपऱ्यात करुणाचे बाबा, तेव्हाचे काडीसारखे. पहिली विडी फाटली. दुसरी जमली. सासूनं उलटसुलट पाहिली आणि पोराच्या हातात दिली, ओढून पाहायला. त्यांनी ती कानामागे ठेवली. घरी जाईपर्यंत पेटवली नाही.

लग्नानंतर चार महिन्यांनी मी त्यांची पत्र्याची पेटी आवरत होते. तळाशी रुमालात गुंडाळलेली ती विडी! तंबाखू वाळून गेलेला, सूत तसंच. मला वाटलं आवडली नव्हती. विचारलं, "ओढली काहून नाई?"

म्हणाले, "ओढली असती तं संपली नसती का?"

करुणानं हा किस्सा ऐकला आणि पुस्तक मिटलं. म्हणाली, "आज इंग्रजी नको."

* * *

मंदाचा नवरा लांब, हैदराबादकडे इमारतींच्या कामावर होता. महिन्याला एक कार्ड यायचं: मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असाल. बस.

करुणाच्या पुस्तकात एकानं प्रेमाचं पाच पानी पत्र लिहिलं आणि बाई पाघळली. ते ऐकून मंदा हळूच म्हणाली, "ताई, मलेबी एक लिहून दे. इंग्रजासारखं."

करुणा पेन घेऊन बसली. "सांग."

मंदा लाजून लाल. काही केल्या तोंडातून शब्द निघेना. फुलाबाई सांगायला लागली, "लिही, प्राणनाथ..." तर मंदानं सुपात तोंड लपवलं. शेवटी एवढंच म्हणाली, "लिही, दोडक्याचा वेल छपरावर गेला. तुम्ही जाताना दोरी बांधली होती, तिच्यावरूनच गेला."

"अजून?"

"अजून काय? झालं."

करुणा म्हणाली, "पाच पानांत त्याला हे जमलं नाही गं."

पंधरा-वीस दिवसांनी कार्ड आलं. या वेळी खुशालीच नव्हती. दोनच ओळी. "वेल आता जड झाला असेल. दोरी पाहायला येतो."

* * *

आता छाटीचा किस्सा. विड्या घेऊन कारखान्यात गेलं की चेकर एकेक कट्टा, म्हणजे विड्यांची जुडी, हातात घेऊन पाहतो. सैल, फाटकी, तोंड उघडं राहिलेली विडी बाजूला काढून फेकतो. ती छाट. आमच्या चौघींची छाट फार कमी निघायची, त्याचा आम्हाला गर्व होता.

एक दिवस करुणा अशा जागी पोचली जिथं एक जमीनदार एका मास्तरच्या पोरीला लग्नाची मागणी घालतो. मागणी कसली? म्हणतो, तुझं घराणं हलकं आहे, तुझ्या घरच्यांना चारचौघांत बसायची रीत नाही, पण मी मोठ्या मनानं ते पाहिलंच नाही असं समजतो. आम्हाला वाटलं पोरगी आता पायाच पडते. पोरगी उठली, तिनं दार उघडलं आणि म्हणाली, "पाऊस थांबला आहे, आपण निघू शकता."

मंदा रडायची विसरली. हात चालतच होते, पण मन त्या दारात उभं होतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात ढीग निघाला छाटीचा! विडी वळून तिचं तोंड अंगठ्यानं दाबून बंद करायचं असतं, तेच आम्ही विसरलो होतो. चौघीही! गोष्ट ऐकताना आमची तोंडं बंद आणि विड्यांची उघडी.

चेकर म्हणाला, "बाई, घरी काही झालं का?"

फुलाबाई म्हणाली, "पोरीनं नाई म्हटलं."

चेकर घाबरला. "कोणाच्या पोरीनं?"

"इंग्रजाच्या."

त्यानं एकही विडी माफ केली नाही, हे खरं. पण पुढच्या खेपेला कट्टे पाहता पाहता, मान खाली घालून, हळूच विचारलं, "मग... तो जमीनदार परत आला का?"

* * *

कॉलेजात करुणाला निबंध आला. इंग्रजी कादंबऱ्यांत प्रेम, लग्न आणि सामाजिक प्रतिष्ठा यांचं चित्रण कसं आहे ते लिहा. ती दोन दिवस डोकं धरून बसली. शेवटी छपरीत विचारलं, "मावशी, तुम्हीच सांगा, काय लिहू?"

फुलाबाईनं हातातली विडी पूर्ण केली, सूत गुंडाळलं, तोडलं. म्हणाली, "प्रेम पोरं करतेत, लग्न मायबाप करतेत अन् इज्जत शेजारी ठरवतेत. म्हून कोनाचंच कोनाले पटत नाई."

करुणानं ते इंग्रजीत केलं आणि निबंधात घातलं. सरांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारून विचारलं, हे कोणत्या समीक्षकाचं मत? नाव लिहावं.

करुणानं खाली लिहिलं, "फुलाबाई, आंबागड."

आठ दिवसांनी सरांनी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. गंभीरपणे विचारलं, "यांचं आणखी काही लिखाण मिळू शकेल का?"

* * *

होळीच्या आधी करुणाला स्थळ आलं. पोरगा प्रशांत, जवाहरनगरला फॅक्टरीत. पर्मनंट! राहायला क्वार्टर, घरात नळ. फुलाबाईनं ऐकलं तेव्हा तिच्या हातातलं पान गळालं.

खरं सांगते, माझंही काळीज पाघळलं. मी कोणाला न भिणारी बाई, पण त्या नळाला भ्याले. आयुष्यभर बोअरिंगवर हंडे भरले. पोरगी नळाखाली हात धुईल, हे डोळ्यांपुढं आलं आणि माझा हट्ट डळमळला.

ते आले. पोरगा बुजरा, मान खाली. त्याची माय मात्र भारी. भारी साडी, कोपरापर्यंत बांगड्या, आणि छपरीत पाय टाकल्याबरोबर नाकाला पदर. तंबाखूचा वास! मी माझं सूप जरा बाजूला सारलं, त्याच्याशेजारीच तिला खुर्ची दिली. बाकीच्या तिघी मुद्दाम तिथंच विड्या वळत बसल्या.

पोरानं करुणाला एकच प्रश्न विचारला. "सध्या कोणतं पुस्तक वाचता?"

करुणानं सांगितलं.

"शेवटी काय होतं त्यात?"

"अजून शेवटापर्यंत पोचले नाही."

तेवढ्यात त्याची माय बोलायला लागली. "पोरगी आम्हाला पसंत आहे. आता परीक्षा-बिरीक्षा कशाला? लग्न याच उन्हाळ्यात उरकू. घर तुमचं असं, काम तुमचं हे असलं, पण आम्ही मोठ्या मनाचे आहोत. ते आम्ही पाहिलंच नाही असं समजतो."

तिघींचे हात थांबले. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. आणि फुलाबाई चांगल्या खड्या आवाजात म्हणाली,

"करुणा वं, हे कोनत्या पानावर होतं?"

मंदाला हसू आवरेना, सोनाआजी बिनदातांची खुदखुदली. त्या बाईला काही कळेना. प्रशांतला मात्र काहीतरी कळलं असावं, कानापर्यंत लाल झाला.

करुणा उभी राहिली. दार उघडंच होतं, म्हणून ते उघडायचा प्रश्न नव्हता. म्हणाली, "काकू, परीक्षा मी देणार. आणि माझ्या मायचं काम ज्यांना दिसत नाही, त्यांना मी तरी कशी दिसेन?"

मी पोरीला अडवायला हात वर केला आणि तो तसाच राहिला. कारण त्याच वेळी मला दुसरंच दिसलं. करुणाचं रागानं ऐकता ऐकता त्या बाईचा हात खुर्चीवरून खाली, माझ्या सुपात गेला होता. तोंड उघडं राहिलेली एक विडी तिनं न पाहता उचलली, अंगठ्यानं टचकन तिचं तोंड दाबून बंद केलं आणि परत जागेवर ठेवली. तिला स्वतःलाही पत्ता नव्हता.

पाहुणे गेले.

* * *

त्यानंतर मी पोरीशी भांडले. कशी भांडले ते लिहीत नाही. एवढंच म्हटलं, "हे पुस्तकात चालते! घरात नाई! पर्मनंट पोरगा दुसऱ्यांदा येत नसते!"

करुणा म्हणाली, "पुस्तकातही चालत नाही, माय. नाही म्हटल्यावर त्या पोरीचेही पाय कापतात. तेवढं मी तुम्हाला सांगितलं नव्हतं."

तेव्हा मी तिच्या पायांकडे पाहिलं. कापत होते.

चार दिवस छपरीत गोष्ट झाली नाही. नुसता कैच्यांचा आवाज. पाचव्या दिवशी मी सोनाआजीला त्या अंगठ्याचं सांगितलं. वाटलं आजीला नवल वाटेल.

"मीबी पाह्यलं," आजी म्हणाली. "आपल्यातलीच हाय थे. लय वर्षं वळल्या असतीन तिनं. ज्याच्या आंगचा वास गेला नाई, थोच नाक दाबते."

मग आजी करुणाकडे वळली. "अन् तू पुढचं सांग वं. परीक्षेत का आमी लिहाचं?"

मी गुपचूप करुणाला दोन पानं जास्त वाचायला वेळ मिळावा म्हणून तिच्या वाटचं पाणी भरून आणलं. माझी माफी मागायची पद्धत तीच आहे.

* * *

करुणानं परीक्षा दिली. सगळे पेपर, एकही न चुकवता. मे महिना लागला, तेंदूपानं तोडायचा हंगाम. आम्ही पहाटे जंगलात जायचो, ऊन चढलं की पानांचे भारे घेऊन परत. एक दिवस असंच येऊन छपरीत टेकलो होतो, करुणाचे बाबाही होते, आणि मोटरसायकल येऊन थांबली.

प्रशांत. मागच्या सीटवर त्याची माय. या वेळी नाकाला पदर नव्हता.

मी खुर्ची पुढं केली. ती बसली नाही. प्रशांत करुणापुढं जाऊन उभा राहिला. त्यानं ते वाक्य रस्ताभर पाठ केलं असावं.

"त्या पुस्तकाचा शेवट विचारायला आलो."

करुणानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "सांगायला वेळ लागेल."

"मला सुट्टी आहे."

तो खाली बोऱ्यावर बसला. करुणाच्या ओठाच्या कोपऱ्यात जे झालं ते मी तेवीस वर्षांपासून ओळखते. लहानपणी गूळ लपवून खाल्ला की तसंच व्हायचं.

त्याची माय उभीच होती. म्हणाली, "पोरगी शिको, नोकरी करो. माझं काही म्हणणं नाही." मग अडखळली. "मागच्या वेळी मी जे..." पुढचं तिला बोलता येईना. बांगड्या चाचपत राहिली.

मी तिला सोडवू शकले असते. 'जाऊ द्या बाई' म्हटलं असतं. पण मी तशी नाही. मी माझं सूप उचललं, कापलेली पानं आणि तंबाखू नीट केला आणि तिच्यापुढं ठेवलं.

"आमच्यात हात पाह्यल्याबिगर सोयरीक होत नाई. वळून दाखवा."

फुलाबाईची कैची थांबली. प्रशांत अर्धा उठला, "काकू, तिला कशाला..." तर त्याच्या मायनं हातानंच त्याला बसवलं.

तिनं बांगड्या वर सारल्या. भारी साडी गोळा करून मांडी घातली आणि सूप मांडीवर घेतलं. एक पान उचललं, बोटावर ओलावा पाहिला. चिमूट तंबाखू. मग काय झालं ते मला धड दिसलंही नाही, इतका तो हात चालला. वळली, अंगठ्यानं तोंड दाबलं, सुताचे दोन वेढे, टच्. विडी तळहातावर ठेवून माझ्यापुढं धरली. डोळे खाली.

मी घेतली. उन्हात धरून पाहिली, चेकर पाहतो तशी. तोंड बंद. सूत घट्ट. सोनाआजी मान लांबवून बघत होती.

करुणाचे बाबा आगपेटी घेऊन पुढं आले.

मी म्हटलं, "ठेवा थे खिशात."

आणि ती विडी मी माझ्या कानामागे ठेवली.